वाचक आणि चकवा

'वाचक गोंधळला की वाट चुकवणारा भेटतो (३).'

एखाद्या शब्दकोड्यात असे शोधसूत्र आले आहे असे समजू. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. पहिल्या वाचनात हे सूत्र दुर्बोध साहित्याविषयीची जुनी तक्रार वाटते: लेखन अवघड, वाचक बिचारा, दिशाभूल ठरलेली. कोडे सोडवणाऱ्याने मात्र हे विधान विधान म्हणून वाचायचेच नसते. 'वाचक' या शब्दाची अक्षरे 'गोंधळवायची', म्हणजे त्यांच्या जागा बदलायच्या. वा-च-क चे च-क-वा होते. आणि 'वाट चुकवणारा' हा तर चकव्याचा सरळ अर्थ. रानात माणसाला रात्रभर एकाच जागेभोवती फिरवत ठेवतो तो चकवा. उत्तर हाती आले की ते बरोबर आहे का, हे कोणाला विचारावे लागत नाही. अक्षरांचा हिशेब एका बाजूने तेथे पोचतो, अर्थ दुसऱ्या बाजूने.

शब्दकोडे हा आपल्याकडे दुपारच्या चहाबरोबरचा विरंगुळा मानला जातो, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे गांभीर्याने पाहावे असे सुचवले तर तो विनोद समजला जाण्याचा संभव अधिक. तरीही माझे म्हणणे असे आहे की, शब्दखेळावर आधारलेले कोडे वाचकाकडून ज्या प्रकारचे वाचन मागते, ते साहित्याच्या वर्गाने मागायला हवे आणि तो फारच क्वचित मागतो. ते म्हणजे पुराव्यानिशी केलेले वाचन. आणखी असे की, अशा कोड्यासाठी लागणारी परंपरा व भाषिक सामग्री मराठीपाशी विपुल आहे. आपण ती अलंकारांच्या व्याख्यांत बंद करून ठेवली आहे.

प्रथम दोन प्रकारच्या सूत्रांतला भेद पाहू. आपल्या वृत्तपत्रांतून येणारी बहुतेक कोडी समानार्थी शब्दांवर चालतात. 'अरण्य (२)' असे सूत्र असले तर उत्तर 'वन' की 'रान'? दोन्ही दोन अक्षरांचे, दोन्ही बिनचूक. निर्णय उभ्या शब्दाच्या छेदणाऱ्या अक्षरावर सोपवावा लागतो. सूत्रात त्याचा पुरावा नसतो. शब्दखेळाच्या सूत्रात मात्र एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक अर्थाची, दुसरी शब्दाच्या घडणीची. 'नदी उलटी फिरली की गरीब (२)'. गरीब म्हणजे दरिद्री, रंक, दीन, निर्धन. पण उलटलेल्या नदीतून यांपैकी 'दीन'च निघतो. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच नाव सांगतात, तेव्हा त्या साक्षीला वजन येते.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन याने पहिले छापील शब्दकोडे दिले. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या या पत्रकाराची सूत्रे साध्या अर्थाची होती. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने १९२४ साली या वेडावर टीका केली आणि १९४२ साली स्वतःच शब्दकोडे सुरू केले, ही त्यातली गंमत. इंग्लंडमध्ये मात्र कोड्याने निराळे वळण घेतले. एडवर्ड पॉइस मॅथर्स हा कवी व अनुवादक १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचत असे, आणि केवळ शब्दखेळाच्या सूत्रांचे कोडे रचणारा पहिला म्हणून त्याचे नाव घेतले जाते. याच मॅथर्सने १९१९ साली 'ब्लॅक मॅरिगोल्ड्‌स' या नावाने बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे स्वैर इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले होते. अकराव्या शतकातील काश्मिरी कवीची विरहिणी आणि लंडनच्या रविवारच्या पुरवणीतली काळी-पांढरी चौकट एकाच टेबलावर तयार झाली, ही गोष्ट कोड्याला 'साहित्यबाह्य' ठरवण्यापूर्वी लक्षात घेण्याजोगी आहे.

टॉर्केमाडा हे स्पेनमधील कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे नाव. त्याच्यामागून आलेल्या रचनाकारांनीही त्याच पदावरील माणसांची नावे घेतली. कोडे सोडवणाऱ्याचा छळ करण्याचा परवानाच जणू. परंतु त्यांचे मोठेपण छळाला नियम घालण्यात आहे. 'अॅफ्रिट' या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ साली मांडलेल्या तत्त्वाचा आशय असा: आपल्या मनातला अर्थ वाचकाच्या डोळ्यांआड ठेवण्याची सूत्रकाराला मुभा आहे, पण सूत्रातील शब्द काटेकोरपणे वाचले तर ते त्या उत्तराकडेच गेले पाहिजेत. डी. एस. मॅकनट हे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे गृहस्थ 'झिमेनेस' या नावाने कोडी रचत. त्यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात याच तत्त्वाला शिस्तीचे रूप दिले. नेमका अर्थनिर्देश, प्रामाणिक शब्दखेळ, आणि यांखेरीज सूत्रात एकही फुकटचा शब्द नको. चांगल्या भावकवितेच्या समीक्षेतही आपण याहून वेगळे काय मागतो?

१९७२ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचणाऱ्या त्यांच्या वारसदाराने 'अझेद' हे नाव घेतले. देझा या धर्मन्यायाधीशाचे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की ते मिळते. देवनागरीत 'देझा' उलटले तर 'झादे' होते! शब्दखेळ लिपीची सरहद्द ओलांडत नाही. म्हणून इंग्रजी कोड्याची तंत्रे जशीच्या तशी उचलून मराठी शब्दखेळाचे कोडे होणार नाही; मराठीला आपल्या घरातले काय आहे ते पाहावे लागेल.

घरात पुष्कळ आहे. 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. क्रीडागोष्ठीतला विनोद, गर्दीत जाणत्यांनी आपसांत करावयाचे बोलणे आणि इतरांना बुचकळ्यात टाकणे, असे तिचे उपयोगही त्याने नोंदवले. हे प्रकार आजच्या सूत्रकाराला ओळखीचे वाटतील. 'समागता' या प्रकारात शब्द एकमेकांना जोडले गेल्यामुळे अर्थ झाकला जातो. मराठीत तिचे रूप असे होईल: 'हजर जनीत दडलेली रात्र (३)'. 'हजर' आणि 'जनी' यांमधली मोकळी जागा पुसली की मध्यभागी 'रजनी' सापडते. 'वंचिता' या प्रकारात शब्दाचा रूढ अर्थ पुढे येऊन दुसऱ्या अर्थावर पडदा टाकतो: 'सरकार मागते तो हात (२)', म्हणजे 'कर'. आपण ज्याला सभंग श्लेष म्हणतो, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढणे, त्याचे उदाहरण: 'सरांच्या पाठोपाठ दुःख येते आणि सातही सूर लागतात (४)'. सर, आणि त्यांच्यामागे गझलेने आपल्या कानी घातलेला गम: 'सरगम'. मूळ शब्द सा-रे-ग-म या स्वरांवरून आलेला, त्याचा शिक्षकांशी काडीचा संबंध नाही. श्लेषाची मौज या संबंध नसण्यातच आहे.

दंडीच्या 'संख्याता' प्रकाराचे उदाहरण तर थेट आजच्या कंसातल्या आकड्याशी बोलते. एक नगरी आहे, तिच्या मध्यभागी अनुनासिक आहे, सभोवार चार वर्ण शोभतात, आणि तेथील राजांच्या नावात आठ वर्ण आहेत, असा त्या श्लोकाचा आशय आहे. उत्तर कांची, राजे पल्लव. क्, आ, ञ्, च्, ई असे पाच वर्ण, मधला ञ्. 'पल्लवाः' मोजून पाहावे, विसर्गासह आठ भरतात. 'चार वर्णांनी शोभणारी' हे शब्द ऐकताच श्रोत्याच्या मनात चातुर्वर्ण्य उभे राहते आणि अक्षरांचा विचार मागे पडतो. ही वंचना टॉर्केमाडाला तेरा शतके आधी साधली असती तर त्यालाही अभिमान वाटला असता.

आपल्या मोरोपंतांचे 'निरोष्ठ रामायण' याच कुळातले. ओष्ठ्य वर्ण टाळून रामकथा सांगायची, म्हणजे 'राम' हे नावच तोंडातून काढायचे नाही. 'म' उच्चारताना ओठ मिटतात. ज्याची कथा त्याचेच नाव वर्ज्य. मग कवीला त्या व्यक्तीकडे तिच्या गुणांतून, कुळातून, कृतींतून यावे लागते. नाव न घेता नाव सुचवणे हेच शोधसूत्र रचणाऱ्याचे काम. 'उखाणा' या एकाच शब्दाने मराठी माणूस कोडेही सांगतो आणि लग्नात नाव घेण्याची ओळही सांगतो, हा योगायोग वाटत नाही.

आता लिपीकडे. इंग्रजी कोड्याच्या एका घरात एक मुळाक्षर बसते. आपल्या घरात स्वरचिन्हासकट पूर्ण अक्षर बसते. केवळ बाराखडीचा हिशेब धरला तरी ३४ व्यंजने गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे, जोडाक्षरे वेगळीच. परिणाम असा की मराठी शब्द चौकटीत आखूड होतात, दोन-तीन-चार घरांचे. आणि आडवे-उभे शब्द छेदताना मात्रा-वेलांटीसकट जुळावे लागतात. इंग्रजी सूत्रकाराचे लाडके हत्यार म्हणजे दहा-बारा मुळाक्षरांची उलथापालथ. आपल्याकडे ते बोथट ठरते, कारण तीन अक्षरांच्या मांडण्या अवघ्या सहा. 'वाचक'चा 'चकवा' किंवा 'कमल'चे 'कलम' अशी चपखल उदाहरणे हाती लागतात, पण ती वेचावी लागतात. याउलट शब्द फोडणे, जोडणे, पोटात दडवणे, दोन अर्थांवर उभे करणे यांत मराठीचा हात धरणे कठीण.

व्याकरणाचाही येथे कस लागतो. 'डोके उडवले तर कमळातही घाण (२)' या सूत्राचे उत्तर 'मळ'. पण सूत्रात 'कमळ' नाही, 'कमळात' आहे. सोडवणाऱ्याला प्रत्यय आणि सामान्यरूपाचा आकार दोन्ही काढून मूळ शब्दाकडे जावे लागते. हे न्याय्य आहे का? माझ्या मते आहे, कारण मराठी बोलणारा हे काम क्षणोक्षणी नकळत करतच असतो. 'जनीत' या रूपात मूळ शब्द शाबूत राहतो, 'पाण्यात' या रूपात 'पाणी' बदलते. सामान्यरूपाचा धडा फळ्यावर शिकवताना विद्यार्थी जांभया देतात. तोच धडा एखादे सूत्र न्याय्य की अन्याय्य या वादात आला तर ते भांडतात. शुद्धलेखनाचेही तसेच. 'कवितेने शेवटचे अक्षर टाकले की तिचा कर्ता उरतो' असे सूत्र सुचले, तर उरते 'कवि'. पण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार हा शब्द सुटा लिहिताना 'कवी' असा दीर्घान्त लिहायचा. सूत्र कोसळले. नियम का आहे, समासात 'कविराज' ऱ्हस्व का राहतो, हे प्रश्न आता त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे झाले.

आणि एक सूत्र केवळ मराठीतच शक्य आहे असे: 'थोडेसे म्हातारपण (२)'. उत्तर 'जरा'. थोडे या अर्थाचा 'जरा' दंततालव्य, वार्धक्य या अर्थाचा तालव्य. बोलताना हे दोन शब्द कधीच एक होत नाहीत. छापताना त्यांना वेगळे करण्याची सोय आपल्या लिपीत नाही. कागदावर भेटणारे आणि जिभेवर फारकत घेणारे हे दोन शब्द ज्याला दिसले, त्याने च-ज-झ यांच्या दुहेरी उच्चारांची यादी न पाठ करता एक मोठी गोष्ट शिकली.

येथपर्यंतचा विचार गंमतीच्या कक्षेत ठेवता येईल. पण शब्दकोड्याच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्यात उत्तराला पुरावा लागतो की नाही, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पीक आले होते. प्रवेशमूल्य भरावे, चौकट पूर्ण करून पाठवावी, आपले उत्तर आयोजकांच्या अधिकृत उत्तराशी जुळले तर बक्षीस. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून परराज्यांतून चालणाऱ्या अशा स्पर्धांनाही कराच्या कक्षेत आणले. बंगळूरहून वृत्तपत्राद्वारे शब्दकोड्याची स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले. दरम्यान १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी घातली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, ज्या स्पर्धांतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांना १९५५ चा कायदा लागू नाही.

न्यायालयाने केलेला हा भेद साहित्याच्या माणसाने जपून ठेवावा असा आहे. 'वन' की 'रान' यांपैकी काय लिहिले म्हणजे बक्षीस मिळेल, हे भाषेचे कितीही ज्ञान असले तरी ठरत नाही. ते आयोजकाच्या पाकिटात ठरलेले असते. सोडवणारा शब्दाकडे पाहत नाही, पाकिटाकडे पाहतो. त्याला वन आणि रान यांतला फरक कळण्याची गरज नसते. आयोजकाची आवड कळण्याची असते.

आता आपला वर्ग आठवून पाहावा. 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा.' 'कवीला येथे काय अभिप्रेत आहे?' विद्यार्थ्याला ठाऊक असते की उत्तर आधीच ठरलेले आहे; ते मार्गदर्शिकेत आहे, नमुना उत्तरपत्रिकेत आहे, सरांच्या वहीत आहे. श्लेषाची व्याख्या त्याला येते, व्याख्येखालचे एकमेव उदाहरण येते, आणि रस्त्यावरच्या फलकावरचा श्लेष त्याला दिसत नाही. दोष त्याचा नाही. आपण त्याला पाकिटाकडे पाहायला शिकवले आहे. त्याने दिलेला अर्थ आपल्या अर्थाहून वेगळा निघाला तर 'का?' असे विचारण्याऐवजी आपण गुण कापतो. आणि आपला अर्थ त्याने जसाच्या तसा लिहिला तरी 'कशावरून?' असे विचारत नाही. दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे. शब्दखेळाच्या कोड्यात 'कशावरून?' या प्रश्नातून सुटका नसते. 'चकवा' लिहिणाऱ्याला वा-च-क दाखवता आले पाहिजे. ते दाखवता आले की शिक्षकाच्या अधिकाराची गरज संपते. विद्यार्थी शिक्षकाची चूक काढू शकतो, आणि ती मान्यही करावी लागते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यायला हवा. कविता म्हणजे कोडे नव्हे. आनंदवर्धनाने चित्राला काव्य मानण्याचे नाकारले, काव्याचे अनुकरण म्हटले. मम्मटाने त्याला सर्वांत खालची पायरी दिली. कोड्याचे उत्तर सापडले की सूत्राचा वरवरचा अर्थ आपण टाकून देतो. कवितेत वाच्यार्थ टाकता येत नाही, ध्वनी त्याच्याच खांद्यावर उभा असतो. कवितेला कोडे समजून वाचण्याचे दुष्परिणाम आपण पाहिलेले आहेत. 'येथे घड्याळ म्हणजे काळ, पक्षी म्हणजे आत्मा' अशी किल्ली लावून कविता उघडायची आणि किल्ली खिशात घालून निघून जायचे. मर्ढेकरांवर आणि ग्रेसांवर दुर्बोधतेचे जे आरोप झाले, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच अपेक्षा होती की कवीने कुलूप लावले आहे, तर किल्लीही द्यावी.

आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. कूट आणि दुर्बोध यांत फरक केला पाहिजे. कूटाला उकल असते आणि उकलीनंतर ते संपते. दुर्बोध कवितेला उकल नसते, तिच्यात राहावे लागते. परंतु हा फरक विद्यार्थ्याला कळण्यासाठी त्याने निदान एकदा खरेखुरे कूट सोडवलेले असले पाहिजे. उकल झाल्याची ती निःसंशय अनुभूती ज्याला ठाऊक आहे, त्यालाच कवितेपाशी ती मिळत नाही हे जाणवेल, आणि तेथे किल्ली शोधणे तो थांबवेल. ज्याने दोन्ही ठिकाणी दुसऱ्याने दिलेले उत्तरच लिहिले, त्याला दोन्ही सारखीच.

शिवाय सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. 'न्यू यॉर्क टाइम्स'मधील जेरेमाया फॅरेल यांच्या कोड्यात उद्याच्या वृत्तपत्रातली मुख्य बातमी विचारली होती. उत्तरात क्लिंटन निवडून आले असेही बसत होते आणि बॉब डोल निवडून आले असेही. दोन्ही नावे रोमन लिपीत सात मुळाक्षरांची. छेदणारे प्रत्येक उभे सूत्र असे रचले होते की त्यालाही दोन खरी उत्तरे होती. काळ्या रंगाचा भुताखेतांच्या सणातला प्राणी विचारला, तर मांजर लिहा किंवा वटवाघूळ. इंग्रजीत दोघांत फरक पहिल्या मुळाक्षराचाच. एकाच शब्दरचनेतून रामकथा आणि पांडवकथा सांगणाऱ्या कविराजाच्या 'राघवपांडवीया'ची आठवण व्हावी असा हा प्रकार. येथेही अनेकार्थता आहे, पण बक्षिसाच्या कोड्यातली नव्हे. 'वन' आणि 'रान' यांतली संदिग्धता आळसातून किंवा लोभातून येते. फॅरेल यांची दुहेरी चौकट घराघराने सिद्ध करता येते. अनेक अर्थ शक्य आहेत म्हणून कोणताही अर्थ चालेल, असे आपल्या वर्गांत अलीकडे उदारपणाने सांगितले जाते. त्या उदारपणाला हे एक सभ्य उत्तर आहे. अर्थ दोन असोत की दहा, प्रत्येकाला आपली अक्षरे जुळवून दाखवावी लागतात.

उत्तम सूत्र कधीकधी उकलीनंतरही उरते. 'हजर जनीत दडलेली रात्र' याचे उत्तर 'रजनी' आले, तरी रात्री जात्यावर बसलेली जनाबाई त्या वाक्यातून उठून जात नाही. 'न तुटलेले तुकोबांचे काव्य (३)' याचे उत्तर लिहिताना 'अभंग' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे होतात आणि पुन्हा एकत्र येतात. रोज वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दाला त्याची धार परत मिळते. मम्मटाची पायरी खालची असेल, पण ती त्याच जिन्याची आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्गात कोडी सोडवून घ्यावीत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रचून घ्यावीत. चालू पाठातला एकेक शब्द प्रत्येकाला द्यावा आणि त्याचे सूत्र करून आणायला सांगावे. सूत्र करायचे तर शब्दाचे सगळे अर्थ पाहावे लागतात, म्हणजे कोश उघडावा लागतो. लिंग, वचन, सामान्यरूप, ऱ्हस्वदीर्घ तपासावे लागते. आणि आपले वाक्य दुसरा माणूस कसे वाचेल याचा अंदाज घ्यावा लागतो. मग वर्गाने निवाडा करावा: अर्थनिर्देश नेमका आहे का, शब्दखेळ प्रामाणिक आहे का, फुकटचा शब्द कोणता? या तीन प्रश्नांची सवय लागलेला विद्यार्थी पुढे एखाद्या समीक्षालेखाकडेही तेच प्रश्न घेऊन जाईल. समीक्षेचे त्यात भलेच आहे.

महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांना माहीत आहे. गणपतीची अट, लेखणी थांबता कामा नये. व्यासांची अट, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालीत, आणि गणपती विचारात पडला की त्यांना पुढची रचना करायला उसंत मिळे. असे ८,८०० श्लोक होते असे म्हणतात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने ही कथा मूळ संहितेबाहेर ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्याने कोणी ती रचली, त्याला वाचनाविषयी काही नेमके कळले होते. त्या कथेत गाठ घातली जाते ती लेखनिकाला हरवण्यासाठी नव्हे, त्याला थांबवण्यासाठी. शब्दांवरून डोळा घसरत नेणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. विद्यार्थ्याचे उत्तर दुसऱ्या कोणीतरी, आता तर यंत्राने, लिहून देणेही सोपे झाले आहे. अशा वेळी दोन ओळींपाशी दहा मिनिटे थांबायला लावणारी कोणतीही गोष्ट शिक्षकाने हलक्यात घेऊ नये.

शेवटी एक सूत्र वाचकांसाठी ठेवतो: 'षड्जापाठोपाठ गुरुजी आले, ते लग्नानंतरचे घर (३)'. उत्तर येथे देत नाही. ते सापडले की बरोबर असल्याची खात्री माझ्याकडून करून घ्यावी लागणार नाही.